घरचा ग्रॅनोला: ओट्सचा करावा की ज्वारीचा?

ग्रॅनोला म्हणजे धान्य आणि दाणे मधात किंवा गुळात घोळवून केलेला कुरकुरीत खाऊ. तो घरी करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ओव्हन हवा का? त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. घरात तो सकाळी दुधात घालून खाल्ला जाणार, की पोरं चार वाजता वाटीत घेऊन कोरडाच खाणार? त्यावरच धान्य ठरतं.

दुधात घालायचा असेल तर ओट्स. दाण्याला जाडी असल्यामुळे ते लगेच लगदा होत नाहीत. जाड, रोल्ड ओट्सच घ्या, इन्स्टंटचा भुगा होतो. तीन वाट्या ओट्स, एक वाटी शेंगदाणे-बदाम-बिया, पाव वाटी तेल, पाव वाटीहून थोडा जास्त मध आणि चिमूटभर मीठ. ओव्हन 150 अंशांवर, साधारण अर्धा तास, मध्ये एकदा हलवायचं. बाहेर काढताना तो मऊच लागतो, आणि तिथेच बरेच जण फसतात. अजून दहा मिनिटं ठेवू म्हणतात आणि दाणे करपतात. रंग बदामी आला की काढा, कुरकुरीतपणा गार होताना येतो. बेदाणे त्यानंतरच मिसळा. भट्टीतून गेले की ते दगडासारखे होतात.

कोरडं खायचं असेल तर माझं मत सरळ ज्वारीच्या बाजूने. मालदांडी ज्वारीच्या गावात राहून रोजच्या खाऊसाठी ओट्सच्या पुड्या आणायचं मला पटत नाही. लाह्या हलक्या, खुसखुशीत, आणि ओव्हनची गरजच नाही. चार वाट्या लाह्या मंद आचेवर कोरड्या भाजायच्या, बोटात दाबली की लाही चुरली पाहिजे. एक वाटी भाजून सोललेल्या दाण्यांच्या पाकळ्या, थोडे तीळ, थोडं जवस. मग अर्धी वाटी चिकीचा गूळ चमचाभर तुपात वितळवायचा. गूळ फसफसून वर आला की पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघा. बोटांनी ताणला जात असेल तर पाक कच्चा आहे. कट्कन मोडला की लगेच गॅस बंद करून लाह्या ओता. कच्च्या पाकात लाह्या चिवट होतात, म्हणून ही परीक्षा टाळू नका. मात्र या लाह्या दुधात टिकत नाहीत, दोन घास होईस्तोवर बसतात.

दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे ज्वारीचे पोहे. अर्धे ओट्स, अर्धे पोहे घेऊन मधातच भाजले तर दुधातही बरे टिकतात. ज्यांना ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, चालत नाही त्यांनी नुसते ज्वारीचे पोहे घ्यावेत. साध्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो.

घरात मधुमेह असेल तर गूळ किंवा मध म्हणून सूट देऊ नका, शेवटी दोन्ही साखरच. घरच्याचा खरा फायदा हा की गोडाचं माप आपल्या हातात राहतं. विकतच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर किंवा सिरप दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला दिसलं तर ते पाकीट खाली ठेवा. घरचा स्वस्तच पडेल असं मात्र नाही. बदाम आणि मध भरपूर घातला तर खर्च वाढतोच, दाणे आणि गुळावर भर दिला तर आटोक्यात राहतो.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अख्खे दाणे-बदाम घशात अडकू शकतात, त्यांच्यासाठी कूट करून घाला. डाळिंबाचे दाणे आवडत असतील तर वाटीत वरून, बरणीत कधीच नाही.

आता आपल्या हवेचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा भर दुपारी ओव्हन लावणं म्हणजे स्वयंपाकघराची भट्टी करणं, पहाटेच उरका. उन्हाळ्यात दाणे आणि जवस लवकर खवट होतात, म्हणून आठवड्यापुरतंच करा. पावसाळ्यात उलटी अडचण: सगळंच सादळतं. ओट्सचा ग्रॅनोला सादळला तर मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवून पुन्हा कुरकुरीत होतो. गुळाच्या लाह्या गरम केल्या की पाक सुटतो आणि त्या चिकट होतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी ओट्स-पोह्यांचाच करते, आणि लाह्या केल्याच तर त्याच दिवशी संपतील एवढ्याच.