कॉमनमार्कचा दहा मिनिटांचा मार्कडाउन पाठ: मराठी मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या किती कामाचा?

रबाळे एमआयडीसीत पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपसाठी मी कार्यपद्धती लिहिते. सील कसं बदलायचं, अलाइनमेंट कशी तपासायची, कोणता नट किती आवळायचा, हे सगळं मराठीत, कारण वाचणारे फिटर मराठीतच वाचतात. या कामासाठी मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून शीर्षकं, याद्या वगैरे करायची पद्धत, शिकायचं ठरवलं आणि कॉमनमार्क या तिच्या प्रमाण नियमांच्या साइटवरचा दहा मिनिटांचा पाठ केला. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येताना मोबाइलवर वाचला तरी समजतो, पण हात बसायचा तर कीबोर्डच हवा.

शिकवण्याची पद्धत मला मनापासून आवडली. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती लगेच स्वतः टाइप करून बघायची. ओळीच्या सुरुवातीला हॅश (#), मग एक जागा सोडून ‘पंप सुरू करण्यापूर्वी’ लिहिलं की झालं शीर्षक. दोन हॅश दिले की उपशीर्षक. जॉन ग्रुबरने २००४ साली मार्कडाउन आणलं तेव्हा कच्चा मजकूरही सहज वाचता यावा हाच हेतू होता, आणि तो पुरेपूर साधलाय. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तरी फिटरला पायऱ्या कळतात. पुढे प्रत्येक प्रोग्रॅम या खुणांचा आपापल्या परीने अर्थ लावू लागला, म्हणून जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड वगैरे मंडळींनी २०१४ मध्ये कॉमनमार्कचे नियम मांडले. त्यामुळे इथे शिकलेलं बहुतेक ठिकाणी तसंच चालतं.

आता मराठीचं. पाठ इंग्रजीत आहे आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला काय नडेल याबद्दल त्यात काही नाही. सगळ्यात जास्त नडतात आकडे. पायऱ्यांना १, २, ३ असे देवनागरी आकडे दिले तर मार्कडाउन त्यांना यादी मानतच नाही, नियमात फक्त इंग्रजी आकडे बसतात. सहा पायऱ्या सहा ओळींत लिहिल्या तरी प्रिव्ह्यूत एकच सलग परिच्छेद दिसतो. कार्यपद्धतीत हे धोक्याचं आहे. ‘सक्शन व्हॉल्व्ह उघडा’ ही पायरी त्या गर्दीत नजरेतून सुटली आणि पंप कोरडा फिरला, तर मेकॅनिकल सीलची वाट लागते. तेव्हा टाइप करताना आकडे इंग्रजीच ठेवा. वेबपानावर मराठी आकडे हवे असतील तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, यादीचा प्रकार देवनागरी ठेवता येतो.

दुसरी गोष्ट प्रत्ययांची. तिरक्या अक्षरांसाठी स्टार किंवा अंडरस्कोर, दोन्ही चालतात असं पाठ शिकवतो. पण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. *सील*ला असं लिहिलं तर ‘सील’ तिरकं होतं, _सील_ला लिहिलं तर अंडरस्कोर तसेच्या तसे छापले जातात. मराठीत लिहिणाऱ्याने अंडरस्कोर विसरावा आणि स्टारच वापरावा, हे माझं ठाम मत आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना आणखी एक त्रास आहे: शिफ्ट दाबून ३ मारला की हॅशऐवजी ‘्र’ उमटतो, ८ मारला की स्टारऐवजी ‘श्र’. दर वेळी इंग्रजी कीबोर्डवर जावं लागतं. कीबोर्ड बदलणाऱ्या विंडोज-स्पेसची सवय झाली की ते तितकं जाणवत नाही.

तक्ते या पाठात नाहीत, कारण कॉमनमार्कच्या मूळ नियमांतच ते नाहीत. गिटहब या कोड ठेवायच्या साइटने जोडलेल्या नियमांत आहेत, उभ्या रेघांनी रकाने पाडायचे. कोणता नट किती आवळायचा त्या आमच्या टॉर्कच्या साध्या तक्त्याला तेवढं पुरतं, मात्र दोन चौकटी एकत्र जोडता येत नाहीत. असे जोडलेल्या चौकटींचे तक्ते ज्यांच्याकडे बरेच आहेत त्यांनी ती पानं वर्डमध्येच राहू द्यावीत.

बाकी सगळ्यांनी हा पाठ जरूर करावा. झाल्यावर व्हीएस कोड या एडिटरमध्ये स्वतःचीच एखादी जुनी कार्यपद्धती उतरवून काढा आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून प्रिव्ह्यू बघा. साहेबांना वर्डची फाइल लागतेच, ती पॅनडॉक हा फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्रॅम काढून देतो. आणि फाइल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठेवली की कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते समोर दिसतं. ज्या कामात एका चुकीच्या आकड्याने बोल्ट तुटतो, तिथे मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.