कॅस्पेज-3 किट: आधी एक तारा दिला होता, आता चार

जूनमध्ये या किटला मी एक तारा दिला होता आणि वर "पैसे पाण्यात" असंही लिहिलं होतं. ते मागे घेतेय. चूक किटची नव्हती, माझी होती. म्हणजे खरं तर माझ्या पेशींची.

आधी वस्तूबद्दल. पेशी मरायला निघाली की तिच्यातलं कॅस्पेज-3 हे प्रथिन जागं होतं. अशा पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) मोजायचं हे 50 टेस्टचं किट. आत पीई हा चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी, पेशी फिक्स करायचं (आहेत तशा पक्क्या करायचं) बफर आणि वॉश बफर. 50 हा आकडा डब्यावरचा. औषध न दिलेल्या आणि हमखास मरणाऱ्या पेशींचे कंट्रोल (तुलनेचे नमुने), तेही तीन-तीनदा लावले की खऱ्या कामाला तीसेक उरतात. गाइड मॅडमना बजेट देताना हे आधी सांगा, नंतर सांगू नका.

पार्सल आलं शुक्रवारी संध्याकाळी, आइस पॅकचं पार पाणी झालेलं. लॅबला कुलूप. वॉचमनकाकांनी डब्यावरचं '2 ते 8' वाचून ते कँटीनच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवलं. फ्रीझरमध्ये टाकलं असतं तर पीई गेलंच होतं. डीलर फोनवर म्हणाला, "मॅडम, काही होत नाही." नाही झालं, खरंय, श्रेय काकांचं.

वापरायला सोपं. पेशी फिक्स करा, धुवा, अँटिबॉडी घाला, अर्धा तास अंधारात ठेवा, पुन्हा धुवा. वॉश बफरमध्ये सॅपोनिन आहे, म्हणजे रिठ्यातलाच प्रकार. पिपेट जोरात मारलंत की तसाच फेस येतो आणि निम्म्या पेशी फेसाबरोबर जातात. हळू. आणि पेशींना डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध देणार असाल तर पीईवालं किट घेऊच नका, ते औषध स्वतःच चमकतं.

आता माझी फजिती. एमसीएफ-7 या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना स्टॉरोस्पोरिन हे पेशी मारणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एरवी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसणाऱ्या पेशी गोल, आक्रसलेल्या, निम्म्या मीडियात तरंगतायत. मेल्यात हे शेंबडं पोरही सांगेल. फ्लोवर मात्र औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे आलेखातले डोंगर तंतोतंत एकावर एक. तीन वेळा केलं. फ्लोचे तीन स्लॉट गेले. तिसऱ्या रात्री तो एक तारा दिला.

कंपनीला मेल केला होता, त्याला दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: कुठली सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींचा वाण) वापरताय?

पेशीत मरणाची सगळी सामग्री आधीपासून भरलेली असते, फक्त कुलपात. बीसीएल-2 हे प्रथिन आणि त्याची भावंडं बॅक्स-बॅक या मारेकरी प्रथिनांना धरून ठेवतात. डीएनएला फार इजा झाली की पी53 हे पहारेकरी प्रथिन पुमा, नॉक्सा ही प्रथिनं वाढवतं. ती बीसीएल-2 च्या घराण्याला गुंतवून ठेवतात. बॅक्स-बॅक मोकळे होतात, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सांडतं, त्याने एपॅफ-1 या प्रथिनाचं सात आऱ्यांचं चाक जुळतं, त्यावर कॅस्पेज-9 जागं होतं आणि ते कॅस्पेज-3 ला कापतं. कापलेलं कॅस्पेज-3 मग पेशीतली शेकडो प्रथिनं तोडत सुटतं. किटमधली अँटिबॉडी हे कापलेलं रूपच ओळखते, अखंड, झोपलेलं नाही. हीच तिची खुबी.

कॅन्सर या साखळीतली कडी कुठे ना कुठे मोडतो. फॉलिक्युलर लिंफोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये 14 आणि 18 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-2 उतू जातं. जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये पी53 बिघडलेलं असतं. एमसीएफ-7 मध्ये पी53 धड आहे, पण कॅस्पेज-3 च्या जनुकातला 47 अक्षरांचा तुकडाच गायब. प्रथिन बनतच नाही! माझ्या पेशी मरत होत्या त्या कॅस्पेज-7 वगैरे बाकीच्या मंडळींच्या जोरावर. हे 1998 साली छापून आलंय. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला.

शेजारच्या लॅबमधून जुरकॅट या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी उसन्या आणल्या, त्यांत कॅस्पेज-3 असतं. कॅम्टोथेसिन हे पेशी मारणारं औषध दिलं, चार तासांनी फ्लोवर लावल्या. डोंगर सरळ दोन भागांत फुटला, मधे स्वच्छ दरी. अँटिबॉडी उत्तम आहे, बॅकग्राउंड जवळजवळ नाही.

पाचवा तारा दिलेला नाही. आठ घड्यांच्या त्या माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत हात धुण्याच्या सूचनासुद्धा आहेत, मग एमसीएफ-7 वर हे चालणार नाही, एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? पेशी साठवायच्या आमच्या लिक्विड नायट्रोजनच्या डब्यावर ती आता मी मार्करने लिहिलीय.