रेम्ब्रांटची ‘तीन झाडं’: प्रत घेताना काय बघावं

डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४३ चं हे एचिंग (आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) मुळात जेमतेम २१ × २८ सेंमी. म्हणून मोठं पोस्टर नकोच. रेषा फुगतात आणि डावीकडच्या पावसाच्या तिरक्या सरी खिडकीच्या गजांसारख्या दिसतात. मूळ मापाची, मॅट कॉटन कागदावरची प्रत घ्या.

खरी परीक्षा उजवीकडे खाली, काळ्या झुडपात. तिथं लपलेलं जोडपं भिंगातून दिसायला हवं. शाई जास्त बसली की पहिलं तेच गडप होतं. (टेकडीवर चित्र काढत बसलेल्याला ते दिसत नाही, ही गंमत!) झाडांमागचं आकाश कोरं, उजळ हवं. करडं पडलं तर वादळ सरतंय हेच कळत नाही. ड्रायपॉइंटचा (सुईनं थेट पत्र्यावर ओरखडलेल्या रेषांचा) मखमली काळा मात्र डिजिटल प्रतीत येत नाही. फ्रेमला बिनचकाकीची काच लावा.