'टाटऑर्ट'चे दहा महिने: 18.36 युरो वसूल झाले का?

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला, 'टाटऑर्ट' या जर्मन टीव्हीवरच्या खून-तपासाच्या मालिकेत खुनी कोण हे कळायला जेमतेम दहा मिनिटं उरली असताना आमचं इंटरनेट गेलं. नंतर कंपनीला फोन केला. अर्धा तास गाणं ऐकवून त्यांनी सांगितलं की माणूस बुधवारी येईल, सकाळी आठ ते दुपारी चारच्या मधे केव्हातरी. त्या तिरमिरीतच हे लिहायला घेतलंय. सूर चढा लागला तर सांभाळून घ्या.

मी म्युनिकला राहतो. इथे टीव्ही असो वा नसो, सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठी घरटी महिन्याला 18.36 युरो प्रसारण वर्गणी भरावीच लागते. पहिलं पत्र आलं तेव्हा दोन दिवस चरफडलो, मग ठरवलं की भरतोयच तर वसूल करू. तेव्हापासून दर रविवारी सव्वाआठला 'टाटऑर्ट'. महिन्याचे चार रविवार धरले तर एक खून 4.59 युरोला पडतो.

मालिका काय आहे ते सांगत बसत नाही. 1970 पासून चालू आहे, शहरागणिक कमिसार, म्हणजे तपास करणारे पोलीस अधिकारी, वेगळे, भाग 1,200 च्या वर. मला बोलायचंय ते बुटांबद्दल.

प्रेत पडलेलं असतं. पांढरे डगले, हातमोजे, तोंडाला मास्क अशा थाटात ठसेवाले गुडघ्यावर बसून एकेक केस चिमट्याने उचलत असतात. एवढ्यात कमिसार येतात, पावसातून, चिखलाचे बूट घालून, थेट प्रेताच्या उशाशी! 'काय सापडलं?' अहो, आता तुमचाच चिखल सापडणार. पुढे मयताच्या बायकोला बातमी द्यायला जातात तेव्हाही तेच बूट आणि तिचा फिकट गालिचा. पहिले दोन महिने मी खुनी शोधायचं सोडून बूट कोण काढतं तेच बघत होतो. कोणी नाही. बरोबरच आहे म्हणा, प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या नामावलीतच ओल्या डांबरावर पळणारे पाय आहेत. ते पाय आणि तिथेच दिसणारे डोळे होर्स्ट लेटनमायर या नटाचे. त्याला त्या कामाचे एकदाच 400 मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) मिळाले. पन्नास वर्षं दर रविवारी पळतोय बिचारा. वसुली म्हणतात ती ही.

तपासाचा वेगही सुरुवातीला असह्य व्हायचा. नव्वद मिनिटांत धड एक पाठलाग नाही. सोफ्यावर बसायचं, 'काल रात्री आठ ते दहा कुठे होता?' विचारायचं, समोरचा म्हणणार 'घरी. एकटाच.' मग शेजारी, मग सासू, मग पुन्हा तोच सोफा. एकाही संशयिताला कसं सुचत नाही की आपल्याला गप्प बसायचा हक्क आहे आणि वकील मागता येतो?

पाचव्या महिन्याच्या आसपास मत बदललं. इथे येऊन तीन वर्षं झाली, पण ऑफिसमधल्या एकाही जर्मन माणसाने घरी बोलावलेलं नाही. कमिसार मात्र दर रविवारी मला कुणाच्या ना कुणाच्या घरात नेतात. तळघरातल्या बरण्या, निवृत्त मास्तरांची आगगाडीची खेळणी, एकमेकांशी न बोलणाऱ्या नवरा-बायकोचं स्वच्छ स्वयंपाकघर. खून हे आत शिरायचं निमित्त. खुनी बहुतेकदा त्याच घरातला निघतो आणि कारण असतं वाटणीचं नाहीतर अपमानाचं. हे मला कोल्हापुरातल्या आमच्या वाड्याइतकं ओळखीचं वाटलं.

सगळेच भाग असे नसतात. 2014 च्या एका भागात पन्नासच्या आसपास मुडदे पडतात, तो मी अर्ध्यावर सोडला. कोलोनचे कमिसार बालाउफ आणि शेंक ऱ्हाइनकाठच्या गाडीवर सॉसेज खातात ते मला आवडतं. म्युन्स्टरचा कमिसार टील तर प्रेतं फाडणाऱ्या प्रोफेसर बोर्नेचाच भाडेकरू आहे. घरमालकाशी रोज कामावरही गाठ! भाडेकरूंनी म्युन्स्टरचे भाग जरूर बघावेत.

तर रविवार. मीडियाथेकवर, म्हणजे वाहिनीच्या ऑनलाइन संग्रहात, नंतर बघता आलं असतं, पण इंटरनेटच नव्हतं आणि सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी सगळे खुन्याचं नाव फोडणार हे नक्की. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंकडे तीच मालिका चालू असल्याचं छतातून ऐकू येत होतं. धीर करून बेल वाजवली. त्यांनी दार किलकिलं केलं, माझं म्हणणं ऐकून घेतलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, 'या. पण बूट बाहेर.'

मेहुणाच होता.