ग्नूकॅश चार वर्षं वापरून: भिशी, ईएमआय आणि घरची खतावणी

भिशीचे पैसे नक्की कुठे लिहायचे, या एका प्रश्नापायी मी तीन मोबाईल ॲप काढून टाकली. आमची दहा जणांची भिशी, महिन्याला ५,००० रुपये, चिठ्ठी काढतो. ॲपमध्ये कप्पे दोनच, उत्पन्न आणि खर्च. मग दर महिन्याचे पाच हजार खर्चात टाकले तर महिना उगाच महाग दिसतो आणि चिठ्ठी लागली की ५०,००० एकदम उत्पन्नात, म्हणजे जणू बोनसच मिळाला. आपलेच पैसे ते, त्यात उत्पन्न कसलं!

ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी भिशी नावाचं एक खातं मालमत्तेखाली उघडलं आणि विषय संपला. पहिले तीन महिने खात्यात १५,००० जमले, चौथ्या महिन्यात ५,००० भरले आणि त्याच दिवशी माझी चिठ्ठी निघाली म्हणून ५०,००० घेतले, तर शिल्लक झाली उणे ३०,०००, लाल अक्षरात. म्हणजे आतापर्यंत माझं लोकांकडे येणं होतं, आता मी लोकांचं देणं लागतो. पुढचे सहा हप्ते भरले की खातं बरोबर शून्यावर येतं. हे बघितलं तेव्हाच मला हे सॉफ्टवेअर पटलं.

हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आतली मांडणी म्हणजे आपली जुनी द्विनोंदी पद्धत, जशीच्या तशी. पाच मूळ गट: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल, आणि त्यांच्या खाली झाडासारखी तुमची खाती, हवी तेवढी पोटखाती काढा. खर्च मग घर मग वीजबिल असं. खात्यांना नावं मराठीत देता येतात, मी सगळी मराठीतच दिलीत. नुसत्या गटवारीसाठी असलेल्या खात्याला प्लेसहोल्डर करून ठेवा, म्हणजे चुकून त्याच्यात नोंद पडत नाही. सुरुवातीच्या शिलका भांडवलाखालच्या ओपनिंग बॅलन्स खात्यासमोर लिहायच्या.

प्रत्येक व्यवहाराला किमान दोन बाजू लागतातच, आणि त्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. तुम्ही एकच बाजू लिहून पुढे गेलात तर उरलेली रक्कम ते स्वतःहून इम्बॅलन्स-आयएनआर नावाच्या खात्यात टाकतं, म्हणजे चूक लपत नाही, झाडात नाव घेऊन उभी राहते. महिनाअखेरीला मी आधी ते खातं रिकामं करतो आणि मगच बाकीचं बघतो.

सगळ्यात उपयोगी भाग माझ्या मते स्प्लिट, म्हणजे एकच व्यवहार अनेक ओळींत फोडणं. होम लोनचा हप्ता समजा २१,५०० गेला. बँकेतून एकच रक्कम वजा, पण समोर दोन ओळी: १५,२०० व्याज, ते खर्चात, आणि ६,३०० मुद्दल, ते कर्जाच्या खात्यात, म्हणजे देणं तेवढं कमी. मी कित्येक वर्षं पूर्ण ईएमआय खर्च धरत होतो आणि हातात काहीच राहत नाही म्हणून जीव टांगणीला लावून बसायचो, प्रत्यक्षात दर महिन्याला सहा हजारांच्या वर कर्ज फिटत होतं. पगाराचंही तसंच, ग्रॉस उत्पन्नात, टीडीएस आणि पीएफ वेगळ्या ओळींना, पीएफ अर्थातच मालमत्तेत.

माझे बाबा आडतीवर दिवाणजी होते, कीर्द-खतावणीत हयात गेली. त्यांना दाखवलं तर पहिला प्रश्न, नावे कुठलं नि जमा कुठलं? मूळ सेटिंगमध्ये रकान्यांचे मथळे खात्यानुसार बदलतात, बँकेला डिपॉझिट-विथड्रॉवल, खर्चाला आणखी वेगळे. प्रेफरन्समध्ये फॉर्मल लेबलं चालू केली की सगळीकडे डेबिट-क्रेडिट येतं. ते केलं आणि बाबा अर्धा तास खाली मान घालून वाचत बसले, मग म्हणाले तेरीज काढून दाखव, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका नावे-जमा मांडून दोन्ही बेरजा जुळतात का ते. ट्रायल बॅलन्सचा रिपोर्ट काढला, दोन्ही बाजू जुळल्या.

रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या नोंदींचा बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा, मात्र आळस न करता करा. बँक स्टेटमेंटची शेवटची शिलक टाकायची, एकेक नोंद टिक करायची, फरक शून्य झाल्याशिवाय फिनिशचं बटण चालूच होत नाही. मला यातच २३६ रुपयांचा एक चार्ज सापडला, २०० आणि वर १८ टक्के जीएसटी, जो मी कधी मागितलेल्या सेवेचा नव्हता, बँकेला लेखी दिल्यावर परत मिळाला. स्टेटमेंट सीएसव्ही किंवा ओएफएक्स प्रकारच्या फाइलमधून आत घेता येतं आणि कुठला खर्च कुठल्या खात्यात जातो हे ते हळूहळू शिकतं, पहिले दोन महिने मात्र हाताने जुळवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा.

आता उणिवा. दिसायला जुनाट आहे. दोघांनी एकाच वेळी एकच वही उघडून काम करणं जमत नाही, डेटाबेसमध्ये सेव्ह केलं तरी नाही, त्यामुळे आमच्याकडे बायको खर्च व्हॉट्सॲपवर टाकते आणि मी रात्री चढवतो. आपला जीएसटी रिटर्न यातून भरता येत नाही, त्यामुळे दुकानदाराला हे पुरणार नाही. सेव्ह करताना फोल्डरमध्ये तारखेच्या बॅकअप फाइल साठत जातात, मूळ सेटिंगला ३० दिवस राहतात, त्यासाठी वेगळं फोल्डर करा. पण त्या फाइल बनणं बंद करू नका, लॅपटॉप मध्येच बंद पडला तेव्हा माझा पूर्ण मार्च महिना त्यातूनच परत आला.

नवीन सुरू करणार असाल तर १ एप्रिलच्या शिलकांनी करा आणि पहिल्या महिन्यात खर्चाची आठ-दहा खातीच ठेवा. मी एकदम साठ काढली होती, भाजी वेगळी, फळं वेगळी, दूध वेगळं, नंतर ती किराण्यात मिसळायला एक अख्खा रविवार गेला. खातं डिलीट करताना त्यातल्या नोंदी कुठे हलवायच्या ते विचारतं, तिथे नीट वाचून मगच ओके करा.