शेजारची गुरे अडवण्यासाठी झटका मशीन की काटेरी तार?

सोलापूर भागात रब्बी ज्वारी पोटरीत असताना शेजारची गुरे रानात शिरली, तर एका रात्रीत झालेले नुकसान त्या हंगामात भरून निघत नाही, आणि शेजारी बहुधा भावकीतलाच असल्याने त्यावरून होणारी भांडणे वर्षानुवर्षे चालतात. म्हणून कुंपण गुरे किती अडवते याइतकेच ते त्यांना किती इजा करते, हेही पाहिले पाहिजे.

काटेरी तार एकदा ताणून बसवली की तिला फारशी देखरेख लागत नाही. मात्र खांब जवळजवळ रोवावे लागत असल्याने मोठ्या क्षेत्राला खर्च जड जातो, आणि भुकेली गाय तारेतून घुसताना कास फाडून घेते; त्या जखमेत अळ्या पडल्या की मूळ नुकसान बाजूला राहून दोष आपल्यावर येतो.

झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि तारेत साधारण सेकंदाला एकदा, हजारो व्होल्टचा परंतु क्षणाच्या अत्यल्प भागापुरता झटका सोडते. जनावर तारेला चिकटत नाही, दचकून मागे सरते. घरातील किंवा मोटारीची २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडणे ही याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. तिने गुरे मरतात, माणसेही मरतात, आणि तो गुन्हा आहे. तो पर्याय विचारातही घेऊ नये. काटेरी तारेत झटका सोडणेही टाळावे, कारण अडकलेल्या जनावराला सुटता येत नाही.

आपल्याकडे खरी अडचण अर्थिंगची येते. झटका जनावराच्या पायांतून जमिनीत उतरून मशीनकडे परतला तरच बसतो, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की हा मार्ग तुटतो. यावर उपाय म्हणजे एक तार झटक्याची आणि तिच्या शेजारची अर्थिंगला जोडलेली, अशी मांडणी करणे, म्हणजे दोन्ही तारांना एकदम स्पर्श होताच झटका बसतो. मोठ्या गुरांसाठी एक झटक्याची तार अडीच ते तीन फुटांवर असावी. शेळ्यांसाठी खालीही तारा वाढवाव्या लागतात. तारेला टेकलेले गवत झटका जमिनीत उतरवते, त्यामुळे पावसाळ्यात बांध वेळोवेळी साफ करणे आलेच.

एवढी देखरेख रोज होणार असेल, तर माझ्या मते ज्वारी व उसाच्या मोठ्या क्षेत्राला झटका मशीनच योग्य आहे; शेतावर कोणी राहत नसेल, तर काटेरी तारेऐवजी थोडा जास्त खर्च करून जाळी बसवावी. मशीन सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याला प्रत्यक्ष भेटून कल्पना द्यावी आणि पायवाटेच्या बाजूला ठळक सूचनाफलक लावावा.