५५० ब्रॉन्झ की ६५० गोल्ड? इन्व्हर्टरच्या घरात एसएमपीएस निवडताना

आधी पहिला दीड वर्ष आणि आता दुसरा तीन वर्षं, असे दोन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारे डबे) मी एकाच पीसीवर वापरले आहेत. मशीन तेच: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, दोन एसएसडी. कॅबिनेट तेच, टेबलाखालचा प्लगही तोच. बदलला तो फक्त हा डबा. म्हणून कुणी पीसी असेंबल करताना ‘यातला कुठला घेऊ’ असं विचारलं, तर निदान या दोघांबद्दल अनुभवाचं बोलू शकतो.

पहिला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज किती कमी वाया जाते त्याचा दर्जा; गोल्ड त्याच्या वरचा), केबली अंगालाच जोडलेल्या. मला ४,२०० रुपयांना पडला होता. दुसरा ६५० वॅटचा, गोल्ड, सगळ्या केबली सुट्या होणारा, ७,६०० रुपयांचा. दोन्ही चांगल्या नावाचे. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण एसएमपीएसच्या बाबतीत डब्यावरचं नाव अर्धीच गोष्ट सांगतं. कॉर्सेअरच्या कित्येक मालिका सीडब्ल्यूटी किंवा ग्रेट वॉल या दुसऱ्याच कंपन्या बनवतात. सीझनिक किंवा सुपर फ्लॉवरसारख्या स्वतः बनवणाऱ्या कंपन्या थोड्याच. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम आणि दुसरी जेमतेम असू शकते, तेव्हा नावापेक्षा मालिका पाहावी. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो किंवा सहा-सातशे रुपयांचा लोकल एसएमपीएस मी या तुलनेत धरलेलाच नाही. त्यावर हजारोंचं कार्ड लावू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

वॅटचा प्रश्न पटकन मिटतो. प्रोसेसर ७५ वॅटच्या आसपास ओढतो, कार्ड १७०, बाकी सगळं धरून पूर्ण ताणावरही माझं मशीन तीनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे ५५० मध्ये भागतं, आणि दीड वर्ष भागलंही. सहाशे पन्नास घेतला तो वॅट कमी पडले म्हणून नाही.

गोल्डने वीजबिल वाचतं म्हणतात, त्याचा हिशोब मी मांडून पाहिला. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झला ८५ टक्के कार्यक्षमता लागते, गोल्डला ९०. मशीनला आत २०० वॅट लागत असतील तर भिंतीतून एक २३५ ओढेल, दुसरा २२२. तेरा वॅटचा फरक. रोज सहा तास काम धरलं तर वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी तीनशेच्या आत. ३,४०० रुपये जास्त मोजून हे वसूल व्हायला अकरा-बारा वर्षं लागतील. दुकानदार ‘बिलात निघून जातील सर’ म्हणाला, तर हे गणित लक्षात असू द्या. शिवाय ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कॅबिनेटच्या आत काय होतं हे त्या स्टिकरवर लिहिलेलं नसतं.

आवाजात गोल्ड पुढे आहे. हलक्या कामाला त्याचा फॅन फिरतच नाही. पण उन्हाळ्यात मी मागचं बटण दाबून फॅन कायम चालू ठेवतो, त्यामुळे तो फायदा मला आठ महिनेच मिळतो. केबली सुट्या असल्याने कॅबिनेट आवरायला सोपं जातं, हेही खरं. मात्र एक धोका सांगतो: एका एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्याला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. चुकीची केबल व्यवस्थित बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन एसएसडी जळू शकते. जुना एसएमपीएस काढताना त्याच्या केबलीही काढा आणि त्याच्याच खोक्यात भरून ठेवा.

आता खरं कारण.

आमचं घर सांगलीत तासगाव रस्त्याला, शहर संपून द्राक्षबागा सुरू होतात त्या बाजूला. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एप्रिल-मे म्हणजे कामाचा हंगाम, आणि वळवाचाही. दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि लाईट जा-ये करायला लागते. घरात साइनवेव्ह इन्व्हर्टर आहे, दीडशे एएचची बॅटरी आहे, त्यामुळे अंधार होत नाही. जिन्याखाली इन्व्हर्टरचा रिले (लाईट आणि बॅटरी यांत बदल करणारा स्विच) ‘टक्’ करतो, ट्यूब एकदा मिचकते, पंखा किंचित मंदावून पुन्हा वेग घेतो. आईच्या टीव्हीला ते कळतही नाही.

पहिल्या एसएमपीएसवर माझ्या पीसीला मात्र कळायचं. नुसता ब्राउझर उघडा असेल तर तरून जायचा. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनणं) चालू असताना टक् झालं की स्क्रीन काळी, कॅबिनेटमधले पंखे खाली येतात तो आवाज, आणि क्षणभराने मदरबोर्डचं बोधचिन्ह. तीन तासांचं हळदी-लग्न-वरात असं एकत्र रेंडर पंच्याऐंशी टक्क्यांवर असताना गेलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी नऊला पेन ड्राइव्ह द्यायचा होता. असं एका हंगामात पाच-सहा वेळा झालं. मी रॅमवर संशय घेतला, विंडोज नव्याने टाकलं, कार्ड काढून पुन्हा बसवलं. मग एकदा आतल्या खोलीत बसून रिलेचा आवाज आणि रीस्टार्ट यांची वेळ जुळतेय हे लक्षात आलं.

कारण समजून घेतलं तर साधं आहे. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते त्या बाजूला, ४०० व्होल्टच्या आसपासचा एक जाडजूड कॅपॅसिटर असतो. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज येईपर्यंत सगळं मशीन त्यातल्या साठ्यावर चालतं. हा साठा किती वेळ पुरतो त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. एटीएक्स म्हणजे पीसीच्या एसएमपीएससाठीचं मानक; जुन्या एटीएक्सची अपेक्षा साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदांची, तीही पूर्ण लोडवर; लोड कमी तेवढा वेळ वाढतो. ब्राउझरवर तरतो आणि रेंडरला पडतो, हे कोडं इथे सुटलं. आणि नवीन मॉडेल म्हणजे या बाबतीत सरस, असं समजू नका. एटीएक्स ३.० मध्ये सतरा असलेली पूर्ण लोडवरची अट २०२३ च्या ३.१ मध्ये बारावर आली आहे.

इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं: यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. यूपीएस मोडमध्ये बदली लवकर होते, साधारण दहा मिलिसेकंदांत. नॉर्मलमध्ये जास्त वेळ लागतो. कुणीही पैसे खर्च करण्याआधी हे बटण पाहावं, मीही पाहिलं. यूपीएस मोड लावल्यावर दुपारची रीस्टार्ट थांबली. पण तो मोड व्होल्टेजच्या बाबतीत हळवा असतो. १८० च्या खाली गेलं की लाईट असूनही बॅटरीवर जातो. आमच्याकडे संध्याकाळी सात ते नऊ व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, मीटर लावून पाहिलंय. त्या दोन तासांत रिले सारखा टकटक करायचा आणि खरंच लाईट जायची तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असायची. शेवटी नॉर्मल मोडवर परत आलो आणि एसएमपीएस बदलायचं ठरवलं.

बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर एकच परीक्षा घेतली. डमी रेंडर लावायचं आणि इन्व्हर्टरला वीज देणाऱ्या लाइनचा एमसीबी पाडायचा. दहा वेळा. पहिला एसएमपीएस सात वेळा पडला. दुसरा एकदाही नाही. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, इन्व्हर्टर बदलला तर आकडे बदलतील. पण त्यानंतरच्या तीन हंगामांत टक् झाल्यामुळे एकही रेंडर गेलेलं नाही.

हे श्रेय गोल्डच्या स्टिकरचं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. ते स्टिकर फक्त विजेची नासाडी किती कमी होते ते सांगतं. फरक पडला तो कॅपॅसिटरमुळे: रिव्ह्यूमधल्या आतल्या फोटोंवरून पहिल्यात २७० मायक्रोफॅरडचा (साठवणक्षमतेचं माप), दुसऱ्यात ४७० चा. शिवाय माझा तीनशे वॅटचा लोड ६५० साठी निम्म्याहून कमी आहे. छोटा कॅपॅसिटर घातलेले गोल्डही बाजारात आहेत. खात्री करायची तर सायबेनेटिक्स ही संस्था एसएमपीएस तपासून अहवाल खुले ठेवते, त्यात होल्ड-अप टाइम दिलेला असतो. तुमचं मॉडेल तिथे शोधा. आणि स्वतः डबा उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही त्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

मग पहिला वाईट होता का? नाही. तुमच्याकडे व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर असेल आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर निमूट चालत असेल, तर ते ३,४०० रुपये एसएसडीत किंवा मॉनिटरमध्ये घाला. इन्व्हर्टरच नसेल, लाईट गेली की सगळंच बंद होत असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. इन्व्हर्टर जुना स्क्वेअरवेव्ह असेल तर मात्र एसएमपीएसआधी त्याचं काहीतरी करा. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून ओढलेला करंट सुरळीत ठेवणारं सर्किट) असतं, आणि तशा चौकोनी लहरीच्या विजेशी त्याचं अनेकदा जुळत नाही.

आणखी एक गोष्ट दोघांच्या नावावर फुकट खपते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात एसएमपीएस खराब निघाला. मलाही पहिल्याबद्दल तसंच वाटलं होतं. दुसरा बसवल्यावरही झिणझिण्या तशाच. प्लगला अर्थिंगच नव्हतं. चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमधून बारीकसा करंट अर्थिंगकडे जायचा असतो. अर्थिंग नसलं की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. वायरमन बोलावून खड्डा नव्याने भरून घेतला, झिणझिण्या गेल्या. कुठलाही एसएमपीएस आणा, आधी हे तपासून घ्या.

तुमचं घर माझ्यासारखं असेल, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर ठेवावा लागतो आणि मशीनवर तासन्‌तास चालणारं काम असतं, तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. लोडच्या दुप्पट वॅट आणि होल्ड-अप टाइम तपासलेला, एवढं पाहा. असा एखादा ब्रॉन्झ मिळाला तर तोही बेलाशक घ्या, रंगाचा हट्ट नको.

पहिला एसएमपीएस सध्या पुण्यात भाचीच्या पीसीमध्ये आहे. तिच्याकडे इन्व्हर्टर नाही. मागच्या दिवाळीला आली तेव्हा विचारलं, तर म्हणाली, ‘मामा, एकदाही बंद पडला नाही.’